माझ्या गाण्यावर नवऱ्या चालतात

नाशिकच्या कुठल्याही लॉन्सवर लग्नाला जा, नवरी मांडवात यायच्या वेळी ते गाणं लागतंच. आधी बासरी, मग एक गोड पुरुषी आवाज: 'चालत ये, हळूच ये, बघतो मी वाट.' भाऊ लोक नवरीच्या डोक्यावर फुलांची चादर धरतात, ती मान खाली घालून एकेक पाऊल टाकते, वर ड्रोन भुणभुणत असतो आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरची कुणीतरी बाई डोळ्यांना पदर लावते. मी तेवढ्यात उठून आइस्क्रीमच्या काउंटरकडे जाते. ते गाणं माझं आहे. लग्नासाठी मी ते लिहिलं नव्हतं आणि प्रेमासाठी तर मुळीच नाही. संतापून लिहिलं होतं, आणि ज्याने ते चोरलं तो आमच्याच बँडचा गायक. हे सगळं मी शांत डोक्याने सांगेन असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी इथेच वाचन थांबवावं.

आम्ही चौघं होतो. मी ड्रम्सवर. त्याआधी कॉलेजपासून मी ढोल पथकात ताशा वाजवत होते. पथकात ताशाचं राज्य असतं. मागे ढोल कितीही असोत, ताशा हात, म्हणजे ठेका, बदलेल तेव्हा ते बदलतात आणि ताशा पळाला की त्यांनाही पळावं लागतं. ही सवय एकदा लागली की माणूस बिघडतो, तशी मी बिघडलेली होते. गिटारवर होता तो ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर, आमच्यात वयाने मोठा, दोन मुलांचा बाप, म्हणून सगळे त्याला दादा म्हणायचो. बेसवर मखमलाबादकडचा फुलशेतीवाला पोरगा. तो मला ताई म्हणायचा. आणि गायक पंचवटीतला. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंचे विधी चालत आलेले, तो स्वतः मात्र एका विमा कंपनीच्या ऑफिसात टाय लावून बसायचा.

आम्ही वाजवायचो त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. पंकचा राग, मेटलची गिटार आणि दोघांचीही घाई. ऐकणाऱ्याला गाणं सुरू झाल्याचं कळेपर्यंत ते संपलेलं असतं. बेसवाल्याची आई कौतुकाने म्हणायची, "लय भारी वाजवता रे पोरांनो, पण गाणं कवा सुरू व्हणार हाय?" बँडचं नाव इथे लिहिण्यासारखं नाही. पोस्टरवरही कॉलेजवाले त्यावर काळी पट्टी चिकटवायचे, आणि त्या पट्टीचाही आम्हाला फार अभिमान होता.

प्रॅक्टिस दर रविवारी बेसवाल्याच्या शेडमध्ये. पहाटे फुलं मार्केटला गेलेली असायची, मग रिकामे कॅरेट आम्ही भिंतींना लावून रचायचो, म्हणजे आवाज शेजारच्या वस्तीपर्यंत जाऊ नये. जायचाच. दसऱ्याच्या आधी शेड झेंडूने गच्च भरलेली असे, तेव्हा आम्हाला सुट्टी. केसांना, कपड्यांना, ड्रमच्या कातड्याला कायम झेंडूचा वास असायचा. ऑफिसात लोक मला विचारायचे, रोज देवळात जाऊन येतेस का.

त्या वर्षी घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. आम्ही तेव्हा एकलहऱ्याच्या वसाहतीत राहायचो. वडील वीज केंद्रात होते, निवृत्तीला आले होते, आणि क्वार्टर सोडायच्या आत मुलीचं उरकायचं एवढा एकच विषय त्यांच्याकडे उरला होता. मी एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग्ज काढायची नोकरी करत होते. घोटीहून एक स्थळ आलं, तांदळाच्या व्यापारातली माणसं. आई-वडील, मुलगा आणि मुलाची आत्या. मुलगा फोनमध्ये होता. बोलणी बरी चालली होती, तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "बाळ, जरा दारापर्यंत चालून दाखव बरं."

इतकी वर्षं ताशा गळ्यात अडकवून माझा डावा खांदा जरासा उतरला आहे. मुलगी तिरकी चालते असं त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं. मी वडिलांकडे बघितलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले. आत्या म्हणाल्या, "अजून एकदा. सावकाश." मी अजून एकदा गेले. माझा हात धरून कुणी उठवलं नव्हतं, बंदूक कुणी रोखली नव्हती, तरी मी गेले. चार दिवसांनी नकार आला. मुलाला मुलगी बुटकी वाटली म्हणे. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

त्या रविवारी शेडमध्ये मी आधी वाजवायला लागले आणि वाजवता वाजवता ओरडायला लागले. तेच गाणं झालं. 'चालून दाखव, दाखवते. हसून दाखव, दाखवते. खांदा सरळ, मान खाली. आता तू चाल, मी बघते.' शेवटची ओळ चौघांनी मिळून ओरडायची. दादाने त्यावर गिटार बसवली ती करवतीसारखी. गायकाने पहिल्यांदा म्हणून बघितलं आणि तो धापा टाकत म्हणाला, "अगं, श्वास कुठे घेऊ?"

"घेऊ नकोस," मी म्हणाले.

आणि त्याने खरंच घेतला नाही. लहानपणी त्याने घरी वेदपठणाची संथा घेतलेली, लांबच्या लांब ओळी एका दमात म्हणायची सवय. त्याच्या घरची आणखी एक शिस्त होती. म्हणायला बसलं की आवर्तन पुरं केल्याशिवाय उठायचं नाही. दारात कुणी येवो, शिंक येवो, शब्द चुको, पुढे जायचं, मध्येच तोडायचं नाही. ती शिस्त त्याच्या अंगात इतकी मुरली होती की एका कॉलेजच्या गॅदरिंगला मध्येच लाइट गेले, माइक गेला, गिटार मुकी झाली, तरी हा पठ्ठ्या अंधारात शेवटच्या ओळीपर्यंत ओरडतच होता. तेव्हा मला तो आवडायचा. हे लिहिताना हात जड होतो, पण आवडायचा.

दादाच्या बायकोने शेडमध्ये फोनवर व्हिडिओ काढला. मागे कॅरेट, खाली सांडलेल्या पाकळ्या आणि मध्ये आम्ही चौघं घामाघूम. तो व्हिडिओ कसा कोण जाणे, सुटला. कुठून कुठून मुलींचे मेसेज यायला लागले. एकीला पाण्याची कळशी उचलायला लावली होती, एकीला चष्मा काढून वर्तमानपत्र वाचायला लावलं होतं, एकीला तर दात मोजता येतील असं हसायला लावलं होतं. मी प्रत्येकीला उत्तर लिहायचे. मग पुण्यात वाजवायला बोलावलं. तिथे पुढच्या रांगेतल्या मुली आमच्याआधीच शेवटची ओळ ओरडत होत्या, 'आता तू चाल, मी बघते.' गायकाने माइक त्यांच्याकडे धरला. मी मागे ड्रम्सच्या आड बसून रडले आणि वाजवत राहिले, घामात ते कुणाला दिसलं नाही. तो सगळा आनंद माझा होता, मी घोटीवाल्यांच्या डोळ्यांत बोट घालून मिळवलेला.

ह्याच काळात गायकाला एक इव्हेंटवाला भेटला. लग्नात गाणी म्हणणारी मंडळी तो गोळा करत होता. गायक एक-दोन रविवार आला नाही, घरी पाहुणे आहेत म्हणाला. मग एका सकाळी ऑफिसातली मैत्रीण हेडफोनचं एक टोक माझ्या कानात घालत म्हणाली, "हा तुमच्यातलाच ना गं? काय गोड गायलाय." बासरी वाजत होती. चाल माझी होती, फक्त पेंगुळलेली. 'आता तू चाल, मी बघते'चं 'बघतो मी वाट' झालं होतं. खाली लिहिलेलं, शब्द आणि संगीत, आणि पुढे त्याचं नाव, त्याचा शेरवानीतला फोटो. मैत्रीण माझ्या तोंडाकडे बघत होती, आवडलं का म्हणून.

पुढच्या रविवारी तो शेडमध्ये आला, आणि पेढे घेऊन आला. त्याला खरंच वाटत होतं की मी खूश होईन.

"ते माझं गाणं आहे," मी म्हणाले.

"अगं, तुझंच आहे, मी कुठे नाही म्हणतोय," तो म्हणाला. "पण तू त्यात नुसता राग भरला होतास. असलं किती जण ऐकणार? मी त्यातलं प्रेम वर काढलं. आता घराघरात वाजेल."

"मग माझं नाव का नाही?"

तो हसला. ते हसणं मी आजवर माफ केलेलं नाही. "अगं, नवरीच्या एन्ट्रीचं गाणं आहे ते. ड्रम्स वाजवणाऱ्या मुलीचं नाव बघून लोक मूळ गाणं शोधत बसतील. तो आरडाओरडा ऐकतील. कोण वाजवणार मग?"

मी पेढ्यांचा बॉक्स उचलून शेडबाहेर फेकला. बेसवाला म्हणाला, "ताई, मला तुम्ही दोघं बी सारखेच हाय. मी काय बोलू?" दादा गिटार पिशवीत भरत म्हणाला की त्याला सोमवारी पहिली पाळी आहे आणि भांडणं घरी पुष्कळ आहेत. बस, एवढ्यावर बँड मोडला. गायकाचा राग आला हे समजण्यासारखं होतं, पण ह्या दोघांच्या त्या साळसूद तोंडांचाही मला तितकाच राग आला होता आणि तो मी नीट जपून ठेवला. माझे ड्रम्स तिथेच राहिले, वर कॅरेट रचले गेले.

लोक म्हणाले, तक्रार कर. कशाच्या जोरावर? पुरावा म्हणजे शेडमधला तो व्हिडिओ, आणि त्यात गाणं म्हणताना कोण दिसतो, तर तोच. मग मी जमेल तसं उट्टं काढत राहिले. खोट्या नावांनी त्या गाण्याखाली बासरी बेसूर असल्याचं लिहिलं. त्याच्या इव्हेंटवाल्याला नवरीची मावशी बनून फोन केला आणि गायकाचा आवाज नाकातून येतो म्हणून तक्रार केली. ओळखीच्या कुणाच्या लग्नात तो गाणार असं कळलं की त्या घरात जाऊन मी म्हणायचे, छान आहे हो, पण आता सगळीकडे तेच तेच होतंय. चिल्लर होतं सगळं, मलाही कळत होतं. त्याने काडीचाही फरक पडला नाही. गाणं वाढतच गेलं. पुढच्या एका बघण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या बहिणीचा फोन वाजला आणि रिंगटोन तेच. मी स्थळ जागेवरच नाकारलं. वडिलांना कारण सांगितलं नाही, त्यांना कॅलेंडर होतंच.

मला पैसे नको होते, सभागृहात सत्कार नको होता. त्याने एकदा, लोकांसमोर, तोंडाने म्हणावं, हे हिचं आहे, एवढंच हवं होतं. रोज रात्री झोपताना मी तो प्रसंग वेगवेगळ्या जागी घडवून बघायचे.

मग बेसवाल्याचं लग्न ठरलं. तो पत्रिका घेऊन घरी आला, आईच्या पाया पडला आणि दारात चपला घालता घालता मला म्हणाला, "ताई, माझ्या लग्नात तुम्ही तिघं नाय वाजवणार तर कोण वाजवणार? एकच गाणं. तिच्या घरच्यांना ते एन्ट्रीचं पाहिजे." त्याने मान वर केली नाही, म्हणजे त्याला सगळं कळत होतं.

"वाजवते की," मी म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की तोच दचकला.

दुपारचा मुहूर्त होता, लॉन्स हायवेला लागून. मांडव सगळा त्याच्याच शेतातल्या शेवंतीने सजवलेला. पुढे सोफ्यांवर फेटे बांधलेली वडीलधारी मंडळी आणि एक-दोन पुढारी, मागे खुर्च्या, त्यामागे आइस्क्रीम. बाजूच्या छोट्या स्टेजवर आम्ही तिघं. गायक रेशमी झब्ब्यात, गळ्यात उपरणं. इतक्या वर्षांनी भेटलो आणि तो म्हणाला, "चल, राग गेला ना एकदाचा? बरं वाटलं." वर मला समजावून सांगितलं, बासरी लॅपटॉपवर आहे, साउंडवाला लावेल, तू काठ्या घेऊ नकोस, नुसते ब्रश फिरवत राहा, हलके. दादाने मला विचारलं, "ठीक ना?" मी हो म्हणाले. दादालाही मी काही सांगितलं नव्हतं.

नवरी दारात आली. भावांनी चादर उचलली. गायकाने डोळे मिटून साउंडवाल्याला हात केला, आणि त्याचा हात खाली यायच्या आत मी ब्रश टाकून काठ्या उचलल्या आणि समोरच्या छोट्या स्नेअर ड्रमवर ताशाची तर्री, तो सलग कडकडाट, धरली. आमचं ते गाणं नेहमी तिथूनच सुरू व्हायचं. दादाच्या बोटांनी मालकाला विचारलंच नाही, गिटार आपोआप मागे धावली. वेग शेडमधला होता. खरं सांगायचं तर शेडपेक्षा जास्तच.

गायकाने डोळे उघडले. त्याला थांबता आलं असतं. माइक खाली करून हसून म्हणता आलं असतं, जरा गडबड झाली मंडळी. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण गाणं सुरू झालं होतं, सवयीने त्याचं तोंड उघडलं होतं, आणि सुरू केलेलं तो सोडणार नाही हे मला त्याच्या आईइतकंच पक्कं ठाऊक होतं. 'चालत ये, हळूच ये' त्या वेगात बसेना. तो अडखळला. आणि मग त्याच्या जिभेने स्वतःहून जुने शब्द काढले, कारण त्या वेगात तेच बसत होते.

"चालून दाखव, दाखवते," तो सोफ्यांकडे बघत ओरडला. "हसून दाखव, दाखवते."

दुसऱ्या कडव्याला त्याचा चेहरा लाल, तिसऱ्याला त्याला श्वास पुरेना. इतकी वर्षं बासरीवर गाऊन छाती मऊ पडली होती. तो मागे वळून माझ्याकडे बघत होता, थोडं हळू, थोडं हळू, असं डोळ्यांनी विनवत होता. मी आणखी पळवलं. मला त्या वेळी इतका आनंद होत होता की तो लपवायचंही सुचलं नाही. चादर धरलेल्या भावांचे पाय ताशाच्या ठेक्यावर आपोआप उडायला लागले आणि चादर नवरीला सोडून पुढे निघून आली. नवरी उन्हात मध्येच उभी राहिली. तिचं मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. 'आता तू चाल, मी बघते' ही ओळ तो फाटलेल्या आवाजात एकट्यानेच ओरडला, तेव्हा नवरी मांडवाकडे, म्हणजे आमच्या बेसवाल्याकडे बघून हसत होती आणि बेसवाला, मुंडावळ्या सावरत, पायऱ्या उतरून तिच्याकडे चालत निघाला होता.

गाणं संपलं. मागे आइस्क्रीमपाशी काही मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या आयांनी त्यांचे हात धरले. नवरीचे मामा फेटा सावरत तरातरा स्टेजकडे आले. माणूस भडकलेला होता.

"काय चालवलंय हे?" त्यांनी गायकाला विचारलं. "आमच्या पोरीच्या लग्नात असली गाणी म्हणायची? कुणी लिहिलं हे?"

गायक घामाने निथळत होता. हातातला माइक चालूच होता, ते त्याच्या लक्षात नव्हतं.

"मी नाही लिहिलं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बोट केलं. "हिचं आहे ते. शब्द हिचे, चालही हिचीच. पहिल्यापासून सगळं हिचंच आहे. माझा काही संबंध नाही."

चारी बाजूंच्या स्पीकरमधून ते अख्ख्या लॉन्सवर ऐकू गेलं. सोफ्यांवरची तोंडं माझ्याकडे वळली, मागच्या खुर्च्यांवरचे लोक उभे राहून बघायला लागले. मी काठ्या खाली ठेवल्या, ड्रम्समागून बाहेर आले आणि स्टेजच्या कडेला उभी राहिले, उतरलेला खांदा उतरलेला ठेवून.

"खरं आहे का हे?" मामांनी विचारलं. "तुम्ही लिहिलंय हे?"

"हो, मीच," मी म्हणाले. "पण त्याला अजून एकदा सांगायला सांगा. सावकाश. मागे ऐकू गेलं नसेल."